विहीणबाई, जनरेटर आणि कोरीट फाटा

आमच्या विहीणबाई शोभाबाई ह्यांची एक गोष्ट मला बिलकुल पसंत नाही. बाई स्वतःला लोणी समजतात! जरा ऊन लागलं की आपण विरघळू, असं त्यांना वाटतं. अहो, जन्म सगळा नंदुरबारात गेला! वैशाखात आमच्याकडे कावळासुद्धा चोच उघडी टाकून सावलीत बसतो, तिथं तुम्ही एकट्याच कोण लागून गेलात? पण नाही. घरात तीन एसी. फोन केला की आधी तब्येत नाही विचारणार. आधी सांगणार, "आमच्याकडे फरशीसुद्धा गार असते हो, दगूबाई!"

असू दे तुमची फरशी गार. मला काय तिच्यावर लोळायचं आहे?

पण माझी एकुलती एक लेक चेतना ह्या बाईंच्या घरात पडली. माघात लग्न झालं, आणि आता आली पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात दिवाळीला लेक नाही आली तर एक वेळ चालतं, पण पहिल्या आखाजीला लेक माहेरी आली नाही तर गल्लीतल्या बायका तोंडावर विचारतात, "काय वं दगू, भांडण व्हयनं का?" आणि ज्या विचारत नाहीत, त्या जास्त बोलतात.

म्हणून मी आठ दिवस आधीच फोन केला. "आखाजीला चेतनाला न्यायला येतो."

"पाठवली असती हो," विहीणबाई म्हणाल्या. त्या माझ्याशी नेहमी पुस्तकातलं मराठी बोलतात, शहरातल्या आहेत ना! "परंतु चव्वेचाळीस डिग्री तापमान आहे. चेतनाला आता एसीची सवय झालेली आहे. तुमच्या ब्राह्मणपुरीला पोहोचेपर्यंत पोर भाजून निघेल."

सवय! तीन महिन्यांत! जी पोरगी लग्नाआधी भर उन्हात पथारीवर मिरच्या वाळत घालायची आणि वरून गाणी म्हणायची, तिला तीन महिन्यांत एसीची सवय! खरं कारण मला ठाऊक होतं. विहीणबाईंच्या कुरडया अजून व्हायच्या होत्या, आणि गव्हाचा चीक घोटायला त्यांना चेतनाचे हात हवे होते.

माझं डोकं असं फिरलं, की जे तोंडात आलं ते मी बोलून गेले. "विहीणबाई, माझ्या हेमराजनं घरगाडी बनवलीय. पलंग आहे, गॅस आहे, मोरी आहे, आणि चालत्या गाडीत एसी आहे! तुमच्या फरशीपेक्षा गार! शाल घ्यावी लागते शाल!"

मग त्या म्हणाल्या, "असं? मग मीही येते सोबत. गाडी ब्राह्मणपुरीपर्यंत गार राहिली, तर चेतना चार दिवस राहील. मध्ये कुठं गरम झाली, तर तिथूनच मी तिला माघारी आणीन. कबूल?"

"कबूल!" मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आता खरं सांगते. गाडी होती. पलंग होता, गॅस होता, मोरी होती. एसीही होता. फक्त तो चालत्या गाडीत चालत नव्हता!

झालं असं, की माझ्या पोरानं, हेमराजनं, शाळेची एक जुनी मिनीबस घेतली आणि मोबाइलमध्ये बघून बघून तिचं घर केलं. तिकडे बाहेरच्या देशात लोक म्हणे गाडीतच राहतात. स्वतःचं धाब्याचं घर असताना माणसानं गाडीत का राहावं, हे मला अजून कोणी समजावून दिलेलं नाही. तर त्यानं बैठकीतला एसी काढून गाडीत लावला. पण तो चालायचा कसा? गाडी अंगणात उभी करायची, स्वयंपाकघरातून वायर ओढायची, आणि मग गाडीत जाऊन गार बसायचं. म्हणजे घरात गरम व्हायला लागलं, म्हणून घरच्याच विजेवर घराबाहेर बसायचं! असं डोकं.

मी त्याला सांगितलं, "हेमराज, चालत्या गाडीत एसी पाहिजे. मी जबान दिलीय."

"माय, गाडीच्या इंजिनावर हा घरचा एसी नाही चालत."

"मग कशावर चालतो?"

त्यानं डोकं खाजवलं. मग त्याचे डोळे चमकले. हा पोरगा असा चमकला की मला दरवेळी धडकी भरते. म्हणाला, "माय, जनरेटर!"

आमच्या गावात दोधूचं मंडपाचं काम आहे. लग्नात डीजे, लाइट, कूलर, सगळं त्याचंच. त्याचा जनरेटर म्हणजे म्हशीएवढा. अंगावर लाल अक्षरांत लिहिलेलं, 'दोधू मंडप, ब्राह्मणपुरी'. हेमराजनं तो उचलून आणला.

"दोधूला विचारलंस का?" मी म्हटलं.

"दोधू आपलाच माणूस शे, माय! त्याले काय विचारानं!"

इथंच मी त्याचा कान धरायला पाहिजे होता. पण मला घाई होती.

जनरेटर गाडीत ठेवला तर धूर माणसांना खाईल, म्हणून हेमराजनं गाडीच्या मागं लोखंडी फळी वेल्डिंग केली आणि त्याच्यावर तो बसवला. ऊस बांधायच्या दोरांनी करकचून आवळला. धूर वर जायला बोअरचा जुना पाइप उभा लावला. लांबून बघितलं तर साखर कारखाना रस्त्यावर फिरायला निघालाय असं वाटायचं! आत गारवा टिकावा म्हणून खिडक्या काच बसवायच्या सिलिकॉननं पॅक केल्या. ड्रायव्हरच्या पाठीमागं प्लायवूड ठोकलं. "माय, गार हवेचा एक थेंब बाहेर नाही जाणार!" म्हणाला. स्वतःची खिडकी मात्र उघडी ठेवली, हे मला नंतर समजलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी दहाला आम्ही नंदुरबारला विहीणबाईंच्या दारात. गल्ली सगळी बाहेर आली. हेमराजनं दोरी ओढली, जनरेटर धडधडला, आणि आत एसी असा सुटला, असा सुटला, की माझ्या हातावर काटा! चेतना नवीन हिरवी साडी नेसून, हातभर बांगड्या भरून आत येऊन बसली. विहीणबाई आल्या, पलंगावर हात फिरवला, मोरीत डोकावल्या. त्यांना काही खोट मिळेना. मी मुद्दाम शाल काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"घ्या विहीणबाई. सर्दी व्हायला नको!"

त्यांनी शाल घेतली हो! खांद्यावर टाकली! चेतना माझ्याकडे बघून डोळ्यांनी हसली. मला वाटलं, जिंकले!

गाडी निघाली. आवाज म्हणाल तर पिठाच्या चक्कीत बसल्यासारखा. पण गार! मी आपली मांडी घालून राणीसारखी बसले.

आणि आला पहिला स्पीडब्रेकर.

गाडी उडाली, जनरेटर उडाला, 'फट्' झालं आणि एसी बंद! मी प्लायवूडवर धपाधप मारलं. जनरेटर बंद पडला तरी हेमराजच्या कानांत अजून तीच धडधड, त्याला काही ऐकू येईना. शेवटी चेतनानं त्याला मोबाइल लावला. पुढच्या सीटवर बसलेल्या भावाला मागच्या सीटवरून फोन!

"दादा, बंद पडला!"

हेमराज उतरला, मागं गेला, दोरी ओढली, एकदा, दोनदा, पाचदा. धडधड सुरू. एसी सुरू. निघालो. आला दुसरा स्पीडब्रेकर. फट्!

आमच्या जिल्ह्यात प्रत्येक गावाला दोन स्पीडब्रेकर असतात, एक गावात शिरताना आणि एक निघताना. आणि ज्याचं घर रस्त्यावर आहे आणि सरपंचाशी ओळख आहे, त्याचा आणखी एक वेगळा! विहीणबाई प्रत्येक वेळेला शाल थोडी खाली घ्यायच्या. पहिल्या वेळेला खांद्यावरून दंडावर, मग कमरेवर, मग मांडीवर. मला त्या शालीवरूनच कळत होतं माझं काय चाललंय ते.

वरून दुसरीच गंमत. जनरेटरचा आवाज ऐकून प्रत्येक गावात लोक घराबाहेर यायचे. आता आमच्याकडे जनरेटर रस्त्यानं धडधडत कधी जातो? वरातीत! त्या आठवड्यात लग्नांची तर नुसती रांग. एका गावात एक म्हातारी ओट्यावरून ओरडली, "नवरदेव कोठे शे वं?" दोन मोटारसायकलवाले आमच्या मागं बरंच अंतर हात वर करून नाचत आले. गाणं कधी लागतंय ह्याची वाट बघून बघून शेवटी कंटाळून माघारी फिरले.

विहीणबाई म्हणाल्या, "हे लोक का नाचत आहेत?"

"तुम्हाला बघून खूश झाले असतील," मी म्हटलं.

कोरीट फाट्याच्या स्पीडब्रेकरवर मात्र जनरेटरनं जीव टाकला. हेमराजनं दोरी ओढली. वीस वेळा ओढली. मग त्यानं जनरेटरच्या हातापाया पडायला सुरुवात केली, तेव्हा मी समजले.

आत काय सांगू! खिडक्या पॅक, मधे प्लायवूड, वरून पत्रा. पाच मिनिटांत आमची भाकरी व्हायला लागली. विहीणबाईंनी शाल खाली टाकली, पदर खाली टाकला आणि पुस्तकातलं मराठीही खाली टाकलं!

"मी मरी गयी वं माय! दार उघडा! हाई गाडी शे का भट्टी शे?"

दार उघडलं. बाहेर चव्वेचाळीस डिग्री होतं, आणि आम्हाला ते गार लागलं!

विहीणबाई पायरीवर उभ्या राहिल्या, घाम पुसला, आणि मग एकदम शुद्ध बोलल्या, "दगूबाई, ठरल्याप्रमाणे. गाडी गरम झाली. चेतना, पिशवी घे. आपण परत जात आहोत."

चेतनाचा चेहरा असा उतरला, की मला माझ्या जिभेचा राग आला. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात...

ढँग्‌ ढँग्‌ ढँग्‌! बँड!

फाट्यावरच्या वळणाआडून पन्नास-साठ माणसं धावत आली. पुढं बँडवाले, मागं आरतीची ताटं घेऊन बाया, आणि सगळ्यांत पुढं फेटा बांधलेला एक दणदणीत माणूस, दोन्ही हात पसरून.

"उनी! नवरी उनी! जनरेटरबी उना!"

नवरी आली, जनरेटरही आला, म्हणजे काय? मला काही समजेना. एक बाई माझ्या पायावर पाणी ओतत होती, दुसरी कुंकू लावत होती. फेटेवाल्यानं जनरेटरवरची लाल अक्षरं बोट लावून वाचली आणि आनंदानं ओरडला, "दोधू मंडप! हाऊच तो! सकायपासून वाट पाही ऱ्हायनूत आम्ही!"

कुंकू लावणारी बाई बोलायला लागली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस नवरदेवाचा बाप, वाहरूदादा. लग्न नवरदेवाच्या गावाला. नवरी आमच्याच शहादा तालुक्यातली, तिची माणसं दोधूचा जनरेटर बरोबर घेऊन येणार, असं ठरलेलं. आणि इथं जनरेटर आला, त्याच्याबरोबर दोन मानाच्या बाया आल्या, आणि गाडीत हिरव्या साडीतली, हातभर बांगड्यांची तरणी पोर रडक्या चेहऱ्यानं बसलेली! आता ह्याच्यावरून माणसानं दुसरं काय समजावं? गाडी शहाद्याकडून आली की नंदुरबारकडून, हे बघायला कोणाला वेळ होता?

मी सांगणार होते. देवाशप्पथ सांगणार होते. पण तेवढ्यात त्यांनी विचारलं, "मोठ्या बाई कोणत्या?" आणि विहीणबाई पुढं होऊन म्हणाल्या, "मी."

झालं! त्यांना घेऊन गेले. मंडपाच्या दारात खुर्ची, खुर्चीपुढं रांजणाएवढा कूलर. त्यांच्या मंडपात वीज होती, पण पंखे आणि कूलर चालतील एवढीच. डीजेला जनरेटर लागत होता. कूलरच्या वाऱ्यात विहीणबाईंचे केस उडायला लागले. हातात कैरीचं पन्हं. एक बाई त्यांच्या डोक्यावर विंझण्यानं वारा घालत होती. कूलर असून विंझणा! असा मान त्यांना त्यांच्या लग्नातसुद्धा मिळाला नसेल.

विहीणबाई माझ्याकडे वळल्या. डोळे पाणावलेले. "दगूबाई, माझ्यासाठी एवढं सगळं? वाटेत? आधी सांगायचं तरी!"

घ्या! बाईंना वाटलं, हे सगळं मी त्यांच्यासाठी ठरवून ठेवलंय!

आता तुम्हीच सांगा, तुमची लेक पायरीवर पिशवी धरून उभी असती तर तुम्ही काय केलं असतं? मी पदर सावरला आणि म्हटलं, "आमच्याकडे विहिणीचा असाच मान करतात."

"मी उगाच बोलले," विहीणबाई म्हणाल्या. "चेतनाला राहू द्या चार दिवस. पाच राहू द्या."

"सहा!" मी म्हटलं.

"बरं, सहा."

तेवढ्यात वाहरूदादाच्या बायकोनं त्यांच्या ओटीत नारळ आणि जांभळी साडी घातली. विहीणबाईंनी लगेच पदर उलटा-सुलटा करून काठ बघितले. पसंत पडले. एवढं सगळं झाल्यावर आता सांगायचं कोणत्या तोंडानं? मी मनात म्हटलं, पन्हं संपवू दे, मग हळूच निघू.

पन्हं संपलं नाही. शहाद्याकडून एक टेम्पो आणि दोन जीप येऊन थांबल्या. टेम्पोतून माणसं उतरली, अशी भाजलेली, की नुसत्या वांग्याच्या भरताची आठवण यावी. त्यातला एक जण उतरला तो थेट आमच्या गाडीच्या मागं गेला आणि दोन्ही हात डोक्याला लावून ओरडला,

"हाऊ तं मन्हा जनरेटर!"

हा नवरीचा बाप, झिपरूदादा. "सकायपासून दोधूले फोन करी ऱ्हायनू! तो म्हणतो चोरी गया! आन हाऊ आठे शे?"

हेमराज जनरेटरमागं लपायला गेला, पण जनरेटर म्हशीएवढा असला तरी हेमराज त्याच्यापेक्षा मोठा आहे. दोन बाजूंनी दिसत होता.

वाहरूदादानं झिपरूदादाकडे बघितलं. मग मागच्या जीपमधून खरी नवरी उतरली, मुंडावळ्या बांधलेली. तिच्याकडे बघितलं. मग कूलरपुढं बसलेल्या विहीणबाईंकडे बघितलं. बँड आपोआप बंद पडला.

"मग ह्या बाई कोण शे?" वाहरूदादानं विचारलं.

सगळा मंडप विहीणबाईंकडे बघायला लागला, आणि विहीणबाई माझ्याकडे. त्या नजरेनं जनरेटर न लागता डीजे चालला असता!

मी पुढं झाले. म्हटलं, "दादा, चूक माझी. बाई माझ्या विहीणबाई शेत. चेतनाले आखाजीले घेऊन चालनूत. तुम्ही एवढ्या प्रेमानं बोलावलं, माझ्यानं नाही म्हणवलं नाही."

वाहरूदादा माझ्याकडे बघत राहिला, आणि मग असा हसला, असा हसला, की फेटा सुटला. "अहो, मग पाहुण्याच झाल्या ना! पाहुणीला दिलेली साडी कोण परत घेतं? बसा, जेवून जा! जनरेटर तेवढा द्या!"

हेमराजनं जनरेटर सोडला. दोधूच्या माणसानं, जो टेम्पोतच बसून आला होता, एकच दोरी ओढली आणि तो मेला लगेच सुरू झाला! हेमराजच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही. पोटचा पोरगा आहे.

पण विहीणबाई उठल्या. साडी काखेत घट्ट, नारळ हातात. "दगूबाई, तुमच्याकडे विहिणीचा असाच मान करतात काय? खोटं बोलून? सहा दिवस नाही, सहा मिनिटंसुद्धा नाही! चेतना! ए चेतना! चल घरी!"

गाडीचं दार उघडं. आत कोणी नाही.

मी पलंगाखाली बघितलं, हेमराजनं मोरीत बघितलं. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला.

"माय, फाट्यावर शहाद्याची एसटी उभी राहिली, म्हणून बसून गेले. तुमचं तिकडे बराच वेळ चाललं होतं. खिडकीजवळ जागा मिळाली. काय मस्त वारा लागतोय गं! मम्मींना सांग."

मम्मींना, म्हणजे विहीणबाईंना, मी कशाला सांगू? फोन एवढा मोठ्यानं बोलत होता, की मम्मींनी ऐकलंच!

"गाडी काढा!" विहीणबाई म्हणाल्या. "मी तिला आजच्या आज परत आणणार!"

हेमराजनं विळ्यानं सिलिकॉन कापून चार खिडक्या उघडल्या. एसी नुसता भिंतीवर लटकत होता, शाळेत मास्तरांच्या मागं फोटो लटकतो तसा. गाडी निघाली. विहीणबाई एका खिडकीशी, मी दुसऱ्या खिडकीशी, मध्ये पलंग. प्रकाशा गावच्या पुलावर तापीवरून वारा आत शिरला, तेव्हा त्यांनी डोळे मिटले. पण लगेच मी बघतेय का ते बघून परत उघडले.

दुपारी ब्राह्मणपुरीला पोचलो. अंगणात कडुलिंबाला आखाजीचा झोका बांधलेला, चेतना त्याच्यावर, भोवती चार मैत्रिणी, गाण्यांना नुसता ऊत आलेला. विहीणबाई तणतणत उतरल्या.

"चेतना, पिशवी घे! निघ!"

चेतना झोक्यावरून उतरली, पाण्याचा तांब्या आणला. "मम्मी, आधी पाणी प्या. बसा ना सावलीत."

सावली सगळी झोक्याखाली. दुसरीकडे बसायला जागाच नाही. विहीणबाई झोक्यावर टेकल्या, आपल्या पाणी प्यायपुरत्या. मागून एका पोरीनं हळूच धक्का दिला.

"ओ माय वं! थांबवा!"

पोरीनं आणखी एक दिला. विहीणबाई "थांबवा" म्हणाल्या, पण हळू. तिसऱ्या धक्क्याला काही बोलल्याच नाहीत. चौथ्याला त्यांनी दोरी दोन्ही हातांनी पकडली, अंबाडा सुटला, पाय आपोआप पुढं-मागं व्हायला लागले. लिंबाची पानं डोक्यावर पडत होती. ऊन होतं, घाम होता, पण बाईंना काही सुचत नव्हतं. पोरींनी गाणं धरलं, तर पुढची ओळ विहीणबाईंना पाठ!

बऱ्याच वेळानं झोका जरा हळू झाला, तेव्हा त्या कोणाकडेही न बघता म्हणाल्या, "मन्हा भाऊ गया, तवपासून मी आखाजीले कोठेच नही गयी वं. कोणी न्यायलेच नही उनं."

माझ्या जिभेवर चांगलं टोचणारं उत्तर तयार होतं. गिळून टाकलं. चेतनानं त्यांना पुन्हा धक्का दिला, आणि पिशवीचं नाव कोणीच काढलं नाही.

पाव तास झाला, अर्धा तास झाला. फांदी करकरायला लागली, तरी बाई उतरेनात! माझंच अंगण, माझाच लिंब, माझीच आखाजी, आणि मी आपली तांब्या धरून उभी. शेवटी मी पुढं होऊन झोक्याची दोरी पकडली आणि सगळ्यांच्या देखत त्यांना सांगितलं,

"विहीणबाई, तुम्ही बाई वाईट नाही, फक्त जड आहात! सहा दिवस ऱ्हा लेकीसंगे, पण आता उतरा. माझी पाळी शे!"